काचेतलं विरजण

घरातल्या टाकीतला मासा मेला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘घरावर आलेलं त्यानं अंगावर घेतलं.’ मग मासा जाळीने काढून कुंडीतल्या मातीत पुरला जातो, टाकी साबणाने घासून लख्ख केली जाते, नळाचं ताजं पाणी भरलं जातं आणि येत्या रविवारी नवा मासा घरात येतो. काही दिवसांत तोही मरतो. तेव्हाही तेच वाक्य.

या वाक्यामागची माया मला कळते. मुक्या जिवाचं मरण फुकट गेलं नाही, असं स्वतःला समजावण्याची ती रीत आहे. अडचण एवढीच, की या वाक्यापाशी चौकशी थांबते. आणि चौकशी करण्याजोगं तिथे पुष्कळ असतं. नव्या टाकीतले बहुतेक मासे ज्या कारणाने मरतात, ते एका परीक्षानळीत मोजता येतं, आधी ओळखता येतं आणि टाळताही येतं. एवढंच नव्हे, तर मासा मेल्यावर आपण जी लख्ख साफसफाई करतो, तीच पुढच्या माशाच्या मरणाची तयारी असते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जीवशास्त्र वाचलं ते नोकरी सांभाळून, जुन्या पुस्तकांतून आणि हाती लागतील त्या शोधनिबंधांतून. गेली वीसेक वर्षं ओळखीपाळखीतून लोक टाकी बघायला बोलावतात. मी जातो, पाणी तपासतो, वहीत आकडे लिहून ठेवतो. या सगळ्यातून माझ्या मनात पक्की झालेली गोष्ट एकच आहे : मासे पाळायचे म्हणजे आधी पाणी पाळायचं. आणि पाणी आपण पाळत नाही. डोळ्यांना न दिसणारे जीव ते पाळतात. नवशिक्याचं खरं काम त्या जिवांना वेळ देण्याचं आहे. हे कळायला माणसाला बराच काळ लागला. तो शोध कसा लागत गेला ते आधी सांगतो, मग टाकीकडे वळू.

वाहतं पाणी आणि कोंडलेलं पाणी

पाण्यातल्या माशांशी नातं जोडणं आपल्याला नवं नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात माशांच्या जाती, त्यांना घालायचं खाद्य आणि गळाने मासे धरण्याचा राजविनोद यांची तपशीलवार माहिती आहे. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महसीर मासे राखले गेले आहेत. तिथे कुणी गळ टाकत नाही. येणारे-जाणारे माशांना खाऊ घालतात आणि हातभर मासे काठाशी येतात.

पण कोंड कितीही खोल असली तरी ती नदीची असते. माशाने टाकलेलं तिथे साठत नाही. वाहतं पाणी, तळाची वाळू, दगडांवरचा बुळबुळीत थर हे सगळं मिळून ते पचवतात. काचेच्या पेटीत मात्र मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्यातच जेवतो आणि त्यातच विसर्जन करतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१मध्ये उघडलं आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी काचेपलीकडचा मासा पहिल्यांदा तिथे, शाळेच्या सहलीत पाहिला. त्या काचांमागे पाणी खेळवणारी, गाळणारी केवढी यंत्रणा असते हे सहलीतल्या मुलांना दिसत नाही. मुलाच्या मनात राहतो तो मासा आणि काच. घरी हट्ट होतो तोही मासा आणि काच यांचाच.

वॉरिंग्टन बाप-लेक

काचेच्या भांड्यात जलचर ठेवून त्यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत पहिलं नाव एका बाईचं घ्यावं लागतं. जान व्हिलप्रू-पॉवर ही मूळची फ्रान्समधली शिवणकाम करणारी मुलगी लग्नानंतर सिसिलीत राहायला गेली आणि १८३०च्या दशकात तिने समुद्री जीव पाहण्यासाठी काचेच्या टाक्या वापरल्या. पण ‘बंद पाणी टिकतं कसं?’ हा प्रश्न रसायनशास्त्राच्या अंगाने विचारला लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. १८५०मध्ये त्यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला : एका काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाण्याखाली रिबिनीसारखी वाढणारी वनस्पती. आपल्याकडच्या तळ्यांतही ती आढळते. वनस्पतीची जुनी पानं कुजून पाणी बिघडू लागलं, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकं खाल्लं आणि भांडं सावरलं. प्राणी कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती तो घेऊन प्राणवायू देते आणि उरलंसुरलं गोगलगाय खाते. झाला समतोल!

ही कल्पना लोकांना फार आवडली. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. त्यामागे असलेल्या फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक पुढच्याच वर्षी आलं आणि इंग्लंडातल्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्यांची लाट आली. ‘वनस्पती घाला, की पाणी आपोआप शुद्ध राहतं’ हा समज तेव्हाचा आहे आणि अजून टिकून आहे. तो खोटा नाही, अर्धा आहे. वॉरिंग्टनांच्या भांड्यात तिसराही एक भागीदार होता. तो त्यांना दिसला नाही, कारण तो दिसण्याजोगा नव्हता.

त्याचा माग लागला तो सांडपाण्यात. १८७७मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्झ यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी थेंबथेंब सोडलं. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही. वरून घातलेला अमोनिया तसाच खाली येत होता. मग अमोनिया हळूहळू दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर हे बंद पडलं. म्हणजे करणारं कुणीतरी जिवंत होतं. आणि मग बागेतली थोडी माती पाण्यात खळबळून ते पाणी नळीत घातलं, तर काम पुन्हा सुरू झालं.

हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा माशांच्या टाकीचं सगळं शास्त्र त्यात सापडलं असं मला वाटलं. वीस दिवसांची वाट, वाळूचा आधार आणि शेवटी घातलेलं विरजण!

पुढचा भाग एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. इंग्लंडमधल्या रोथमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात या जिवांचा पाठपुरावा ज्या रसायनशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं केला, त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. तो त्या गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनांचा मुलगा. वडील १८६७मध्ये वारले होते. त्यांच्या काचपात्रात जे अदृश्य राहिलं, ते मुलगा शेतातल्या मातीत शोधत होता. अमोनियाचं नायट्रेट एका दमात होत नाही, आधी नायट्राइट होतं आणि मग नायट्रेट, या दोन पायऱ्या वेगळ्या जिवांच्या आहेत, इथपर्यंत तो पोचला. पण ते जीव वेगळे काढणं त्याला जमलं नाही. ते जमलं १८९०च्या सुमारास झुरिकमध्ये काम करणाऱ्या सर्गेई विनोग्राद्स्की यांना. बाकीचे जण जिवाणू वाढवायला जेलाटिनसारखं सेंद्रिय अन्न देत होते. विनोग्राद्स्कींनी ओळखलं, की या जिवांना ते नकोच आहे. ते अमोनियापासून ऊर्जा मिळवतात आणि हवेतल्या कार्बनपासून स्वतःचं शरीर घडवतात. त्यांनी सेंद्रिय अन्न वगळून, सिलिकाच्या जेलवर हे जिवाणू वाढवले.

गोष्ट तिथे संपली नाही. शंभर वर्षं पुस्तकांत दोन नावं छापली जात होती : अमोनिया खाणारा नायट्रोसोमोनास आणि नायट्राइट खाणारा नायट्रोबॅक्टर. १९९८मध्ये टिमथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा नायट्राइटचं काम तिथे नायट्रोस्पायरा या वेगळ्याच कुळाकडे असल्याचं दिसलं. २००५मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल मत्स्यालयाच्या एका टाकीतून अमोनिया खाणारा असा सूक्ष्मजीव वेगळा काढला गेला, जो जिवाणूच नव्हता; तो आर्किया या निराळ्या जीवसृष्टीतला निघाला. आणि २०१५मध्ये दोन संशोधनगटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की नायट्रोस्पायरातले काही प्रकार दोन्ही पायऱ्या एकट्याने चढतात. त्यांतल्या एका गटाला हा जीव मिळाला तो मत्स्यपालनाच्या पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत. सव्वाशे वर्षांचं पाठ्यपुस्तक बदलणारा पुरावा माशांच्या गाळणीतल्या चिकट थरात होता. तोच चिकट थर आपण दर रविवारी काथ्याने घासून काढतो.

नवसागर ते सोरा

आता टाकीत नेमकं काय होतं ते पाहू. मासा अमोनिया टाकतो, तो मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेलं खाद्य, विष्ठा, कुजलेली पानं यांतूनही अमोनियाच सुटतो. नवसागराचा उग्र वास ज्यांनी कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी घेतला आहे, त्यांना या कुळाची ओळख आहे. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. फटाक्यांच्या दारूत पडतो तो सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. पूर्वी तो गुरांचं मूत-शेण मुरलेल्या जमिनीतून, जुन्या भिंतींच्या मातीतून काढत. म्हणजे तोही याच जिवाणूंचा उद्योग. दिवाळीचा आवाज आणि टाकीतली शांतता यांच्यामागे एकच कारागीर आहेत.

या तीन पायऱ्यांपैकी पहिल्या दोन माशाला मारक आहेत. अमोनिया कल्ले जाळतो. तो पाण्यात दोन रूपांत असतो. त्यातलं एक फारसं बाधत नाही, दुसरं विषारी. कोणतं किती असेल हे पाण्याच्या पीएचवर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला, पीएच ७ असताना विषारी रूपाचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ८ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो आणि ९ला एक तृतीयांशापेक्षा जास्त. त्यामुळे बोअरवेलच्या जड, क्षारयुक्त पाण्यात तोच अमोनिया अधिक घातक ठरतो.

नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिनचं असं रूपांतर करतं, की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. रक्त तपकिरी पडतं. पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो, वर येऊन तोंड उघडमीट करतो. अशा वेळी जुनी माणसं टाकीत खडेमीठ टाकतात, त्याला अर्थ आहे. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटला आत शिरू देत नाही. अमोनियावर मात्र मिठाचा उपाय नाही.

नायट्रेट त्या मानाने सौम्य. लिटरला चाळीस मिलिग्रॅमच्या आत ठेवलं, की सर्वसाधारण मासे नीट राहतात. ते कमी करायचे मार्ग दोन : थोडं पाणी बदलणं आणि वनस्पती. मनीप्लांटची फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी टाकीच्या कडेला खोचली, तरी ती नायट्रेट पीत वाढते.

एक हिशेब करून पाहा. माशांच्या सुक्या खाद्यात साधारण चाळीस टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत सुमारे सोळा टक्के नायट्रोजन. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात चौसष्ट मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला निम्मा जरी अमोनिया म्हणून बाहेर पडला, तरी पन्नास लिटरच्या टाकीत लिटरला ०.६ मिलिग्रॅमहून अधिक भर पडते, आणि चार लिटरच्या गोल बोलमध्ये आठ मिलिग्रॅम! चिमूट तीच, पाणी कमी. म्हणून ‘नवशिका आहे, लहान भांड्याने सुरुवात करू’ हा विचार उलटा आहे. लहान भांडं उस्तादाचं काम. नवशिक्याने मोठी टाकी घ्यावी.

एका मुलाचा प्रश्न

हे सारं वहीतलं शास्त्र माणसांच्या घरात कुठे जाऊन भिडतं, याचं एक उदाहरण. नाशिकच्या एका घरून बोलावणं आलं होतं. दीड फुटी टाकी, त्यात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश. ही संख्या शुभ म्हणून कुणीतरी सांगितलेली. घरातल्या आजोबांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, त्याच आठवड्यात दोन मासे गेले. आजी म्हणाल्या, ‘त्यांनी घेतलं हो अंगावर.’ आजोबा सुखरूप घरी आले आणि त्या दिवसापासून टाकीतली नऊ ही संख्या भरलेली ठेवणं हे घराचं व्रत झालं. मासे मरत होते, आणले जात होते. दुकानदाराच्या सल्ल्याने दर आठवड्याला सगळं पाणी काढून टाकी, दगड, फिल्टर सगळं धुतलं जात होतं.

मी परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकत होतो. पाचवी-सहावीतला नातू शेजारी येऊन बसला. बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, ‘काका, मासे मेले नसते तर आजोबा मेले असते का?’

मी त्याला नळी दाखवली. अमोनिया नसेल तर पाणी पिवळं दिसतं. आमचं गडद हिरवं झालं होतं. म्हटलं, ‘नाही रे. आजोबांना डॉक्टरांनी बरं केलं. मासे या हिरव्या रंगामुळे गेले. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.’ त्याने नळी हातात घेतली, उजेडात धरली. ‘मग हे पिवळं करता येतं?’ ‘येतं. पण महिना-दीड महिना लागेल, आणि फिल्टर धुवायचा नाही.’ आजी आतून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, ‘न धुता कसं चालेल हो? घाण नाही का होणार?’

आजींचा प्रश्न रास्त होता. आपल्या घरांत स्वच्छता म्हणजे घासणं, धुणं, निथळून ठेवणं. टाकीत मात्र नितळ दिसणारं पाणी निरोगी असेलच असं नाही. अमोनियाला रंग नसतो. आणि फिल्टरमधल्या स्पंजावर धरलेला तपकिरी थर ही घाण नव्हे, तेच टाकीचं यकृत आहे. मी आजींना विचारलं, ‘तुम्ही दह्याचं भांडं धुता, पण त्याआधी विरजणाची कवडी बाजूला काढून ठेवता ना?’ त्यांना पटलं. शब्दकोश उघडावा लागला नाही.

सात गोल्डफिश मोठ्या टाकीवाल्या एका परिचिताकडे गेले. उरलेल्या दोघांचं पाणी मुलाने रोज तपासून तारखेसह लिहिलं. सहाव्या आठवड्यात नळी पिवळी राहिली. मला ती बातमी फोनवर आजींनीच दिली.

पहिले सहा आठवडे

आता नवशिक्यासाठी रीत. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घ्यावी. काठोकाठ भरली तर छप्पन्न लिटर पाणी मावतं. वर थोडी जागा सोडून पन्नास धरा. काच, वाळू मिळून वजन सत्तर किलोंच्या घरात जातं, म्हणून टेबल भक्कम हवं आणि जागा थेट उन्हाची नको. ऊन आलं की शेवाळ माजतं आणि पाणी तापतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मे महिन्यात मासे वर येतात ते यामुळेही. मुंबई-कोकणात हीटर क्वचितच लागतो. पुणे-नाशिकच्या थंडीत उष्ण कटिबंधातल्या माशांना लागतो.

हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर सुरुवातीला उत्तम. तो स्वस्त असतो आणि त्याच्या छिद्राछिद्रांत जिवाणूंना घर मिळतं. वीज गेली तरी तो उघड्या पाण्यात असतो, त्यामुळे बंद डब्यातल्या फिल्टरसारखे त्यातले जिवाणू चटकन गुदमरत नाहीत.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं; जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं. ते मासे आणि आपले जिवाणू दोघांनाही बाधतं. पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरतात. जुन्या फोटो स्टुडिओत फिल्म धुताना वापरायचे तो ‘हायपो’ हाच.

आता टाकी भरली, फिल्टर सुरू झाला. मासे आणू नका. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाका. घरच्यांना हे वेडेपण वाटेल, पण ते जिवाणूंचं जेवण आहे. दुधाचं दही रातोरात लागतं, कारण ते लावणारे जिवाणू तासाभरात दुप्पट होतात. हे आपले कारागीर मंद. त्यांना दुप्पट व्हायला बऱ्याचदा दिवस नाहीतर त्याहूनही जास्त लागतो. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अमोनिया चढतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागतं. श्लोझिंग आणि म्युन्झ यांच्या नळीत घडलं तेच. टाकी तयार झाली.

मग मासे आणा, पण चार-पाचच. पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, टाकीतलं पाणी वाटीवाटीने तिच्यात घाला आणि मग मासे जाळीने सोडा. दोन आठवडे थांबून आणखी काही. दोन मिनिटांत संपेल एवढंच खायला घाला. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून परत लावा. साबणाचा हात टाकीला लागता कामा नये. एखाद्या दिवशी अमोनिया चढलेला दिसलाच, तर निम्मं पाणी बदला, खाणं बंद करा. पण वाळू-स्पंज हलवू नका. आणि गावाला जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाद्याचा डबा देऊ नका. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. प्रेमाने ओतलेल्या मूठभर खाद्याने मात्र टाकी दोन दिवसांत नासते.

मासे कोणते, आणि कुठून

सुरुवातीला गोल्डफिश टाळावा. तो हातभर वाढू शकतो, नीट राखला तर दहा-वीस वर्षं जगतो आणि भरपूर अमोनिया टाकतो. फायटर इवल्याशा बरणीत विकतात, कारण चक्रव्यूहासारख्या एका इंद्रियाने तो वरची हवा घेऊ शकतो. प्राणवायूची सोय झाली तरी अमोनिया त्यालाही जाळतोच. गप्पी चिवट. डासांच्या अळ्या खाण्यासाठी नगरपालिकांची मलेरिया खाती तेच वाटतात. झेब्रा डॅनियो तर आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं आणि आज जगभरच्या जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांत तो असतो. घरच्या टाकीत पाच-सहांचा थवा सुखाने राहतो.

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानात मासा बघताना तो कुठून आला हेही विचारावं. चेन्नईच्या कोळत्तूर भागात कित्येक कुटुंबं मासे पैदा करतात. तसा पाळीव पैदाशीतला मासा घेणं बरं. सगळेच मासे तसे नसतात. केरळच्या घाटांतल्या नद्यांतला, अंगावर लाल आणि काळा पट्टा असलेला डेनिसन बार्ब परदेशी टाक्यांसाठी इतका उपसला गेला, की आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. २०१३मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ हे नाव दिलं. आपल्या डोंगराचं नाव मिळालेला मासा डोंगरातच दुर्मिळ व्हावा, हे दुखणारं आहे. हे पूर्वीही झालं आहे. फिलिप गॉस यांच्या पुस्तकांनी इंग्लंडचे लोक समुद्रकाठी लोटले आणि त्यांनी खडकांमधली डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७मधल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात त्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे.

उलट दिशेची चूकही तेवढीच मोठी. ‘काच साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा बोटाएवढा येतो आणि फूटभराहून मोठा होतो. मग पुण्याचं काम म्हणून त्याला तळ्यात सोडतात. आंध्र, केरळ, बंगालमधल्या पाणवठ्यांत तो माजला आहे. त्याच्या काटेरी कवचाने कोळ्यांची जाळी फाटतात. टाकीतला कोणताही मासा नदी-विहिरीत सोडू नये. नको असेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा.

एवढं वाचून कुणाला वाटेल, की हे फार किचकट आहे. तसं नाही. एकदा घडी बसली, की टाकी आठवड्याला अर्धा तास मागते. कठीण आहे ते फक्त सुरुवातीचे सहा आठवडे काहीही न करणं. आणि त्यालाही जवळची वाट आहे. कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल, तर त्यांच्या फिल्टरच्या स्पंजाचा तुकडा मागून आणा. ओल्या पिशवीत, उन्हाचा न लागू देता, त्याच दिवशी. तो आपल्या फिल्टरला जोडला, की सहा आठवड्यांची वाट बहुधा दोनेक आठवड्यांवर येते. बागेतली माती खळबळून नळीत घातली होती, त्यातलाच हा प्रकार. शेजारी विरजण मागायला येतात तेव्हा आपण कधी नाही म्हणत नाही. माझ्या टाकीत दोन स्पंज नेहमी जास्तीचे असतात, ते त्यासाठीच.